थांब्यावर मागे राहिलेल्या माणसाची नोंद ठेवा: शहर बससेवांच्या नियोजकांना खुले पत्र

प्रति,
मार्गनियोजन आणि वेळापत्रक पाहणारे अधिकारी,
मुंबई महानगर व पुणे परिसरातील शहर बससेवा

सप्रेम नमस्कार.

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर मुंबईची पहिली बस धावली. एवढ्या वर्षांत गाड्या बदलल्या, तिकिटे बदलली, पण बससेवेचा हिशेब मांडायची रीत फारशी बदललेली नाही. आगारातून किती गाड्या निघाल्या, किती फेऱ्या झाल्या, किती किलोमीटर धावल्या, किती उत्पन्न आले. हे सगळे आकडे गाडीचे आहेत. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचा आकडा त्यांत नसतो. तो किती वेळ ताटकळला, भरलेल्या किती गाड्या त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेल्या, शेवटी तो चढला की कंटाळून शेअर रिक्षात बसला, हे तिकीट यंत्राला कळत नाही. मी गणित शिकवते आणि रोज बसने जाते-येते. हे पत्र मी या न होणाऱ्या नोंदीबद्दल लिहिते आहे. तिचे एक चांगले विकसित झालेले गणित आहे आणि ते आपल्या टेबलावर असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करते. एखाद्या मार्गावर 'दर १० मिनिटांनी गाडी' असेल तर प्रवाशाला सरासरी ५ मिनिटे थांबावे लागेल, असे आपण धरून चालतो. गाड्या खरोखरच दहा-दहा मिनिटांनी आल्या तर हे बरोबर आहे. पण समजा दोन गाड्या २ मिनिटांच्या अंतराने आल्या, मग १८ मिनिटे काहीच नाही, मग पुन्हा २ मिनिटांत दुसरी. तासाला गाड्या सहाच झाल्या. फेऱ्यांच्या तक्त्यात सगळे जागच्या जागी आहे. थांब्यावर मात्र चित्र वेगळे असते. प्रत्येक २० मिनिटांपैकी १८ मिनिटे त्या मोठ्या खंडाने व्यापलेली आहेत, म्हणून दहांपैकी नऊ प्रवासी त्या खंडातच येऊन उभे राहतात. हिशेब केला तर सरासरी थांबणे ५ नव्हे, ८.२ मिनिटांचे होते. गाडी एकही कमी झालेली नाही, तरी प्रवाशाचे थांबणे दीडपटीहून जास्त वाढले.

गर्दीचेही तसेच. मिनिटाला ४ माणसे येत असतील तर १८ मिनिटांच्या खंडानंतर आलेल्या गाडीत ७२ जण चढायला बघतात आणि पाठोपाठच्या गाडीत ८. अहवालात लिहिले जाईल, 'गाडीमागे सरासरी ४० प्रवासी'. पण प्रवाशांना विचारले, तुमच्या गाडीत किती जण होते, आणि त्यांच्या उत्तरांची सरासरी काढली, तर ती सुमारे ६६ येते. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला गाडीच्या बाजूने मोजलेला, दुसरा माणसाच्या बाजूने. 'गाड्या तर अर्ध्या रिकाम्या धावतात' असे कार्यालयात म्हटले जाते आणि 'पाय ठेवायला जागा नसते' असे रांगेत म्हटले जाते, तेव्हा कोणी खोटे बोलत नसते.

मग गाड्या जोडीने का येतात? रस्त्यावरची कोंडी हे एक कारण आहेच, पण कोंडी नसती तरी त्या जोडीनेच आल्या असत्या. गॉर्डन न्यूएल आणि रेनफ्री पॉट्स या संशोधकांनी १९६४ मध्येच हे गणिताने दाखवले. गाडीला थोडा उशीर झाला की थांब्यावर माणसे जास्त जमतात, ती चढेपर्यंत आणखी वेळ जातो, पुढच्या थांब्यावर उशीर आणखी वाढतो. मागच्या गाडीला माणसेच कमी मिळतात, म्हणून ती लवकर सुटते आणि पुढचीला गाठते. मिनिटाला ४ प्रवासी आणि प्रत्येकाला चढायला ३ सेकंद असे धरले, तर प्रत्येक थांब्यावर उशीर १.२ पट होतो. पाच मिनिटांचा उशीर चार थांबे ओलांडेपर्यंत दहा मिनिटांवर जातो. चढायला ३ ऐवजी दीड सेकंद लागला, म्हणजे तिकीट आधीच काढलेले असले किंवा दोन्ही दारांनी चढता आले, तर तोच उशीर चार थांब्यांनंतर साधारण सव्वासात मिनिटांवर राहतो. दाराशी वाचलेल्या प्रत्येक सेकंदाची किंमत एवढी मोठी असते.

म्हणून वाहक जेव्हा ओरडून सांगतो, 'मागून रिकामी गाडी येतेय, तिच्यात चढा', तेव्हा तो बहुतेक वेळा खरेच सांगत असतो. आणि म्हणूनच उशीर झालेल्या चालकाला मेमो देणे मला अन्यायाचे वाटते. गाडी भरत गेली आणि उशीर वाढत गेला, यात त्याचा हात नव्हता. ही अस्थिरता व्यवस्थेच्या रचनेत आहे, ती मोडायला व्यवस्थेनेच मध्ये पडावे लागते. मोठ्या मार्गांवर दोन-तीन ठिकाणी, चौकीवरच्या कर्मचाऱ्याला पुढची गाडी किती मिनिटांपूर्वी गेली ते दिसले पाहिजे आणि मागची गाडी मिनिट-दोन मिनिटे थोपवून धरण्याचा अधिकार असला पाहिजे. घड्याळातली वेळ पाळण्यापेक्षा दोन गाड्यांतले अंतर पाळणे, एवढाच तो बदल. गाड्यांवर जीपीएस आहे, प्रवाशाला मोबाइलवर गाडी दिसते. तीच माहिती चौकीवर का वापरू नये?

इथपर्यंत प्रवाशाला मी फक्त येऊन उभा राहणारा धरला. पण तो विचार करतो, निवड करतो, आणि पत्र लिहिण्याचे खरे कारण हे आहे.

दादरहून, स्वारगेटहून किंवा ठाणे स्टेशनबाहेरून एकाच दिशेला अनेक क्रमांकांच्या गाड्या जातात. प्रवासी कुठलीही एक ठरवून उभा नसतो. त्याच्या मनात एक यादी असते: या तीन चालतील, ती चौथी फार फिरून जाते, तिच्यात बसायचे नाही. १९७५ मध्ये माँट्रियलच्या श्रिकी आणि रोबियार या संशोधकांनी या यादीचे गणित मांडले. समजा पहिला मार्ग २० मिनिटांत पोचवतो आणि दुसरा ३५ मिनिटांत, दोन्हींच्या गाड्या सरासरी १० मिनिटांनी पण बेभरवशाने येतात. तसे असेल तर थांबणेही सरासरी १० मिनिटांचे होते. फक्त पहिल्यासाठी थांबलो तर एकूण ३० मिनिटे लागतात. दुसरी गाडी समोर येऊन उभी राहिली तरी तिच्यात चढणे तोट्याचे, कारण ती एकटीच ३५ घेते. दुसरा मार्ग २५ मिनिटांचा असता तर मात्र जी येईल ती पकडणे शहाणपणाचे: एकूण साडेसत्तावीस मिनिटे (थांबणे ५, प्रवास सरासरी साडेबावीस). हा हिशेब आपला प्रवासी कागद-पेन न घेता रोज करतो आणि बहुधा बरोबर करतो. १९८९ मध्ये हाइन्झ श्पीस आणि मायकेल फ्लोरियन यांनी पूर्ण शहराच्या जाळ्यासाठी हाच विचार अशा रीतीने बांधला की तो संगणकावर सहज सुटतो. वाहतूक नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आजही वापरला जातो.

पण त्यात एक गृहीतक आहे: आलेल्या गाडीत चढता येते. आपल्याकडे सकाळी नऊ वाजता हे गृहीतक टिकत नाही.

वरचेच उदाहरण पुन्हा घेते. पहिला मार्ग इतका भरलेला आहे की तीनपैकी एकाच गाडीत शिरता येते. कागदावर गाडी १० मिनिटांनी आहे, पण चढता येण्याजोगी गाडी ३० मिनिटांनी. तिच्यासाठीच अडून राहिले तर आता ५० मिनिटे लागतील. मग ३५ मिनिटांचा वळसा घालणारी दुसरी गाडीही यादीत येते, आणि जी मिळेल ती घेतली तर एकूण सुमारे ३९ मिनिटे लागतात. प्रवासी नाइलाजाने लांबच्या गाडीत चढतो. त्याच्यासारखे अनेक जण तसेच करतात, मग तीही भरू लागते, तिच्यातही चढणे अवघड होते, आणि कुठेतरी असा समतोल येतो की कोणालाच आपली निवड बदलून फायदा होत नाही. चिलीतील सँटियागोच्या रोबेर्तो कोमिनेत्ती आणि होसे कोर्रेआ यांनी २००१ मध्ये याचे नेमके गणिती प्रतिमान (मॉडेल) मांडले. त्यात मार्गाची परिणामकारक वारंवारता, म्हणजे चढता येण्याजोगी गाडी किती वेळा येते ती, गर्दीबरोबर घटत जाते आणि क्षमता संपत आली की शून्याकडे जाते. मागणी कमी असेपर्यंत सगळे वेगवान गाडीसाठी थांबतात. एका मर्यादेनंतर काही जण जी येईल ती घेऊ लागतात, आणखी पुढे गेले की सगळेच.

याचा आपल्या रोजच्या कामाशी थेट संबंध आहे. तिकिटांची आकडेवारी पाहून मार्गाची मागणी ठरवली जाते. पण वरच्या उदाहरणात दुसऱ्या मार्गावर दिसणारे प्रवासी त्या मार्गाचे नव्हतेच, ते पहिल्याने नाकारलेले होते. आणि पहिल्या मार्गाची तिकिटे गाडी भरली की तिथेच अडतात. शंभर जण मागे राहिले काय आणि दहा राहिले काय, यंत्रात आकडा तोच. मागणी किती होती हे भरलेली गाडी सांगू शकत नाही, ती फक्त स्वतःची क्षमता सांगते. या आकड्यांवर विसंबून कोणी 'दुसऱ्या मार्गाला चांगला प्रतिसाद आहे' म्हणून गाड्या तिकडे वळवल्या, तर त्याने नेमका उलटा निर्णय घेतलेला असेल. चालत मागच्या थांब्यावर जाऊन चढणारे प्रवासीही असेच. आकडेवारी म्हणते त्या थांब्याची मागणी वाढली. खरे तर पुढच्या थांब्यावर गाडीत शिरता येत नाही, एवढेच ते सांगत असते.

आणखी एक गोष्ट कुठल्याही सरासरीत बसत नाही, आणि मला ती सर्वांत जास्त बोचते. त्या भरलेल्या गाडीत कोणाला शिरता येते? बॅग छातीशी धरून पायरीवर लटकणाऱ्या विशीतल्या मुलाला गाडी १० मिनिटांनी आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला, कडेवर मूल असलेल्या बाईला, रेटारेटीत नको तो स्पर्श टाळण्यासाठी मागे सरणाऱ्या मुलीला तीच गाडी ३०-४० मिनिटांनी आहे. चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला उंच पायरीची गाडी कधीच येत नाही, मग तिच्या दिवसाला शंभर फेऱ्या असोत. थांबा एक, मार्ग एक, भाडे एक, आणि वारंवारता मात्र प्रत्येकाची वेगळी. रांग पाळली जाते तिथे हा फरक कमी असतो, कारण आधी आलेला आधी चढतो. गाडी थांब्याच्या पुढे किंवा मागे थांबली की रांग मोडते आणि ज्याच्यात ताकद जास्त तो आत जातो. गाडी रांगेच्या तोंडाशीच उभी करण्याची सक्त सूचना फुकटात होणारी आहे, आणि गणिताच्या दृष्टीनेही ती मोठी सुधारणा आहे: त्याने कोणाला किती थांबावे लागते याची वाटणीच बदलते.

आता सँटियागोबद्दल, कारण तिथे जे घडले ते आपल्याला टाळता येण्यासारखे आहे. १० फेब्रुवारी २००७ रोजी त्या शहराने 'ट्रान्सांतियागो' नावाची नवी व्यवस्था एका दिवसात सुरू केली. जुन्या पिवळ्या बसचे लांब, वळणावळणाचे पण थेट नेणारे मार्ग बंद झाले. त्यांच्या जागी मुख्य मार्ग आणि त्यांना जोडणारे पूरक मार्ग आले, मेट्रो हा कणा ठरला. कागदावर रचना सुटसुटीत होती. पण गाड्या पूर्वीपेक्षा कमी, बससाठी राखीव मार्गिका पुरेशा तयार नव्हत्या, गाड्यांवर नजर ठेवणारी यंत्रणा चालू झालेली नव्हती, आणि कंत्राटे अशी की प्रवासी किती नेले यावर कंपन्यांचे उत्पन्न फारसे अवलंबून नव्हते. जो पूर्वी एका गाडीत बसून जात होता तो आता दोनदा-तीनदा बदलू लागला, आणि प्रत्येक बदलाच्या जागी त्याच्यासमोर आधीच भरलेली गाडी येऊ लागली. लोक मेट्रोकडे वळले, तिचे रोजचे प्रवासी २० लाखांच्या पुढे गेले आणि डब्यात उभे राहणे असह्य झाले. राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेलेत यांना जाहीरपणे चूक मान्य करावी लागली. भरलेल्या गाडीचे गणित त्याच शहरातल्या विद्यापीठांत तयार झालेले होते. नंतर तिथे गर्दीच्या थांब्यांवर कठडे घालून आत शिरतानाच भाडे घेण्याची सोय झाली, म्हणजे गाडी आली की सगळ्या दारांनी चढता येते.

मुंबईत मेट्रोची तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झाली. पुण्यात मार्च २०२२ पासून मेट्रो टप्प्याटप्प्याने वाढते आहे. त्याबरोबर लांब पल्ल्याचे बसमार्ग तोडून स्थानकांना जोडणारे छोटे मार्ग करावेत, हा विचार बळावतो. तो चुकीचाच आहे असे मी म्हणत नाही. छोट्या मार्गावर गाडीचा उशीर साचायला कमी थांबे मिळतात, हा त्याचा खरा फायदा आहे. पण मार्ग तोडला की प्रवाशाचा एक नवा थांबा तयार होतो, आणि त्या थांब्यावर त्याला चढता येईल का हा प्रश्न मार्ग तोडण्याच्या आधी विचारला गेला पाहिजे. क्षमता न धरता केलेल्या प्रतिमानात बदलीची किंमत पाच मिनिटे दिसते. क्षमता धरली की तीच वीस होऊ शकते. म्हणून माझी मागणी आहे की कुठलाही मार्ग बंद करण्यापूर्वी किंवा तोडण्यापूर्वी, गर्दी धरून केलेला हिशेब थांब्यांच्या नावांसह लोकांसमोर ठेवावा: या थांब्यावरून त्या ठिकाणी जायला आज इतका वेळ, बदलानंतर इतका.

कंत्राटांचेही तसेच आहे. आता बऱ्याच गाड्या भाडेतत्त्वावर चालतात आणि त्यांचे पैसे धावलेल्या किलोमीटरवर दिले जातात. जोडीने धावणाऱ्या दोन गाड्यांचे किलोमीटर पूर्ण भरतात, त्यांतल्या मागच्या गाडीचा थांब्यावरच्या माणसाला जवळजवळ काहीच उपयोग नसला तरी. लंडनने २००१ पासून बस चालवणाऱ्या कंपन्यांचे बक्षीस आणि दंड नियमिततेला जोडले. तासाला पाच किंवा अधिक गाड्या असलेल्या मार्गांवर तिथे 'जादा थांबणे' मोजतात: वेळापत्रकाप्रमाणे गाड्या आल्या असत्या तर सरासरी किती थांबावे लागले असते आणि प्रत्यक्षात किती लागले, यांतला फरक. वरच्या २ आणि १८ मिनिटांच्या उदाहरणात तो ३.२ मिनिटे येतो. लंडनमध्ये मागच्या दशकात तो शहरभराची सरासरी धरता एका मिनिटाच्या आसपास राहिला. हा आकडा काढायला नवे यंत्र लागत नाही, थांब्यावरून गाडी कधी गेली एवढी जीपीएसची नोंद पुरते. प्रत्येक गर्दीच्या मार्गाचे जादा थांबणे दर महिन्याला प्रसिद्ध करा आणि पुढच्या कंत्राटांत पैशांचा एक भाग त्याला जोडा.

एक गोष्ट मात्र जीपीएसलाही दिसत नाही आणि तिकीट यंत्रालाही. मागे राहिलेला माणूस. त्याला मोजायला थांब्यावर माणूसच उभा करावा लागेल. गर्दीचे निवडक थांबे घ्यावेत, सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ या वेळांत, आणि प्रत्येक गाडीमागे चार नोंदी कराव्यात: गाडी येताना किती जण उभे होते, किती चढले, किती राहिले, आणि मधल्या काळात किती जण थांबा सोडून निघून गेले. महिला, वृद्ध, लहान मूल बरोबर असलेले आणि अपंग प्रवासी वेगळे मोजावेत, नाहीतर वर लिहिलेली असमानता पुन्हा सरासरीत बुडून जाईल. महाविद्यालयांच्या संख्याशास्त्र आणि गणित विभागांना प्रकल्पासाठी खरी माहिती हवी असते. त्यांना परवानगीचे पत्र आणि ओळखपत्र द्या, नमुना कसा निवडायचा आणि चुका कशा तपासायच्या हे शिक्षक शिकवतील. माझ्या वर्गातली मुले यासाठी तयार आहेत. त्यांच्यातली बरीचशी याच रांगांत उभी राहून वर्गात येतात.

जीपीएसच्या जुन्या नोंदी, प्रवाशांची कोणतीही ओळख न देता, अभ्यासासाठी खुल्या कराव्यात, ही शेवटची मागणी. मोबाइलवर आत्ताची गाडी दिसते, पण मागच्या सहा महिन्यांतली अंतरे दिसत नाहीत. ती मिळाली तर कुठल्या थांब्यापासून गाड्या एकमेकींना गाठू लागतात हे मार्गागणिक सांगता येईल, आणि गाडी थोपवून धरायची चौकी कुठे हवी याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज राहणार नाही.

या मोजणीसाठी पहिले चार-पाच थांबे आपण सुचवावेत, अशी विनंती आहे. नोंदीचा तक्ता आणि विद्यार्थ्यांसाठीच्या सूचना मी तयार करून देईन.

आपली,
गणिताची एक शिक्षिका आणि रोजची बसप्रवासी